कुणाच्या नावाने गायचे?

१९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताच्या शिष्टमंडळाकडे तिथल्या वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीत मागण्यात आले. देशाने तोवर राष्ट्रगीत ठरवलेलेच नव्हते. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती, तीच त्यांनी वादकांना दिली. वादकांनी सराव केला, मोठ्या मेळाव्यात ती धून वाजवली आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिची स्वरलिपी मागून घेतली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत ही हकीकत सांगितली. प्रांतांच्या राज्यपालांचे मत मागवल्याचेही त्यांनी सभागृहाला कळवले. पुढे २४ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे आणि ‘वंदे मातरम्’ला तोच मान राहील असे जाहीर केले.

जगासमोर आपले म्हणून कोणते गाणे ठेवायचे, हा प्रश्न आता युरोपातल्या देशांना दरवर्षी पडतो. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला सात देशांनिशी सुरू झालेल्या युरोव्हिजन स्पर्धेसाठी प्रत्येक देश आपले गाणे आधी घरी निवडतो. त्याची पद्धत बऱ्याच अंशी इटलीच्या सान्रेमो महोत्सवावरून घेतली गेली. राजकीय आशयाचे गाणे तिथे चालत नाही. २००९ मध्ये मॉस्कोत स्पर्धा होती, तेव्हा जॉर्जियाच्या गाण्याचे शब्द बदलण्यास सांगितले गेले आणि त्या देशाने माघार घेतली. पण स्पर्धेतले गाणे एका रात्रीपुरते असते. नाही आवडले तर पुढच्या वर्षी दुसरे पाठवता येते. राष्ट्रगीत पिढ्यान् पिढ्या गायचे असते आणि त्यात देवाला हाक मारलेली असली, तर तो देव न मानणाऱ्याने काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न कलेचा कमी आणि धर्माचा जास्त आहे. खानदेशाने तो फार जवळून पाहिला आहे.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या सामानातून मंडप व कमानी सजवल्या. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते राबले, साने गुरुजी गावोगाव फिरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. फैजपूरला जमलेला शेतकरी लेवा पाटील होता, गुजर होता, मराठा होता, तडवी भिल्ल होता, मुसलमान होता. शेतसारा आणि कर्ज हे त्या सगळ्यांचे सारखेच दुखणे होते. त्यांच्या वतीने ठराव करणे शक्य होते. त्यांच्या वतीने प्रार्थना कुणी आणि कोणत्या शब्दांत करायची, हे मात्र तितके सोपे नव्हते.

फैजपूरच्या अधिवेशनाला वर्षही झाले नव्हते, तोच नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या कार्यकारिणीसमोर नेमका हाच पेच आला. ऑक्टोबर १९३७, स्थळ कलकत्ता. बंकिमचंद्रांचे ‘वंदे मातरम्’ १८८२ च्या ‘आनंदमठ’ कादंबरीत आले होते. १८९६ च्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांनी ते गायले होते. त्या गाण्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग भोगला होता. पण त्याच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमी देवीच्या रूपात येते आणि एकाच ईश्वरापुढे नतमस्तक होणाऱ्या मुसलमानाला ते शब्द उच्चारणे श्रद्धेच्या आड येते, अशी तक्रार होती. कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेतला आणि राष्ट्रीय सभांमध्ये पहिली दोनच कडवी गावीत असे ठरवले. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला दुसरे निर्दोष गीत म्हणण्याची मोकळीकही संयोजकांना दिली.

त्या निर्णयाबद्दलचा वाद अजून विझलेला नाही. गीताला दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२५ च्या डिसेंबरात संसदेतही तो झाला. दोन्ही बाजूंचे दुःख खरे आहे. ज्या गाण्याने माणसे फाशीच्या दोराला हसत सामोरी गेली, त्याची कडवी बाजूला ठेवणे ज्याला सोसत नाही, तो द्वेषापोटीच बोलतो असे म्हणणे अन्याय होईल. संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी झिंझोटी रागात ‘वंदे मातरम्’ बांधले. ते बँडवर वाजवता येते हे पटवण्यासाठी त्यांनी पदरमोड करून संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिके दिली. त्यांची तळमळ निर्मळ होती. तितकीच निर्मळ तळमळ, देशावर प्रेम आहे पण देशाला देव म्हणवत नाही असे सांगणाऱ्याचीही असू शकते.

मग सर्वांच्या वतीने गायचे तरी कसे? खानदेशात याची दोन उत्तरे तयार आहेत आणि दोन्ही अभ्यासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर अमळनेरचे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, तिथे अभ्यासाला आले आणि १९२४ पासून गावातल्याच शाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी लिहिलेली ‘खरा तो एकची धर्म’ ही प्रार्थना महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या परिपाठात गेली. या प्रार्थनेत प्रभू आहे, पण तो विठ्ठल नाही, अल्ला नाही, येशू नाही. कोणत्याही एका देवाचे नाव न घेता ती माणसामाणसांतल्या प्रेमाकडे वळते. ती लिहिणाऱ्याने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. म्हणजे नाव असलेल्या देवावरही त्यांची माया होती. सर्वांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेतून ते नाव त्यांनी विचारपूर्वक बाहेर ठेवले.

दुसरे उत्तर विनोबांचे. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. त्याच विनोबांनी रचलेल्या नाममालेत नारायण आहे, बुद्ध आहे, येशूचा पिता आहे, रहीम आहे. गुरुजींनी एकही नाव घेतले नाही, विनोबांनी सगळी घेतली.

दोन्ही वाटांत उणीव आहे. सगळी नावे घ्यायची म्हटली की यादी कुठे संपवायची? सातपुड्यातल्या पावरा घरातला देव त्या यादीत कुणी घातला? आणि नाव न घेता केवळ प्रभू म्हटले, तरी निरीश्वरवाद्याची अडचण उरतेच. ‘जन गण मन’लाही ही शंका विचारता येते. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याला पहिल्यांदा गायले गेलेले ते गीत एका भाग्यविधात्याला उद्देशून आहे. त्याच्या दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती यांचा नावानिशी उल्लेख येतो, पण राष्ट्रगीत म्हणून घेतले गेले ते पाचांपैकी पहिलेच कडवे. स्वित्झर्लंडचे राष्ट्रगीत तर उघड स्तोत्रच आहे आणि त्याची चाल एका मठवासी साधूने बांधली आहे. काळाला साजेसे नवे शब्द हवेत म्हणून तिथल्या एका लोकहितवादी संस्थेने स्पर्धा घेतली, २०१५ मध्ये विजेते गीतही निवडले, पण ते अधिकृत झाले नाही. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. २००८ मध्ये निवडलेले शब्द काही दिवसांतच मागे घ्यावे लागले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुणाचीच श्रद्धा दुखावणार नाही असे गाणे शोधत बसलो, तर शेवटी नुसती चाल हाती राहील. तेव्हा कसोटी वेगळी हवी. सर्वांत सुंदर गाणे ते सर्वांचे गाणे, ही कसोटी स्पर्धेला ठीक आहे. सर्वांच्या वतीने उभ्या राहणाऱ्या गाण्याला विचारायचे ते असे : ज्याचा देव या गाण्यात नाही, त्याला आपला देव न सोडता हे गाता येते का? आणि तरीही त्याला गाता येत नसेल, तर त्याला गप्प उभे राहण्याची मोकळीक आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. केरळमधल्या एका शाळेने १९८५ साली तीन भावंडांना काढून टाकले. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण आपल्या ईश्वराखेरीज कोणालाही उद्देशून गाणे त्यांच्या पंथात बसत नसल्याने गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभे राहून न गाणे हा राष्ट्रगीताचा अपमान नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. संविधानाने शपथेतही हीच सोय ठेवली आहे. मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. शपथ एकेकट्याने घ्यायची असल्याने तिला दोन पर्याय देता येतात. समूहाने एका सुरात गायच्या गाण्याला ते देता येत नाहीत, म्हणून तिथे न गाण्याचा हक्क अधिक जपावा लागतो.

राहिला प्रश्न वगळल्या गेलेल्यांचा. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी घराघरांत नेलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. त्यात रेवा आहे, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी आहेत, भीमथडीचे तट्टू आहेत. भुसावळजवळून वाहणारी, खानदेशाची शेते पोसणारी तापी नाही. तरीही जळगाव-धुळ्याचा माणूस ते गीत छाती भरून गातो. आपली नदी त्यात नाही म्हणून त्याला ते परके वाटत नाही, कारण ते गाताना त्याला तापी नाकारावी लागत नाही.

आणि तापीकाठाची गाणी तिथे आहेतच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, दागिने चढवून देवी मांडतात, भाऊबंदांसाठी गव्हाचे रोट होतात, बायका रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात आणि सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. ही गाणी साऱ्या देशाच्या वतीने कधीच गायली जाणार नाहीत. त्यांत देवीला नावाने हाक आहे, माहेरचा उल्लेख आहे, भाऊबंदकीचे नाते आहे. पंगतीबाहेरच्या माणसाने ती म्हणावीत अशी कुणाची अपेक्षाही नाही. त्यामुळेच तिथे देवाशी भांडता येते, रुसता येते, हट्ट करता येतो. आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरींनी जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी त्यांच्या हयातीत कोणत्याही निवड समितीसमोर गेली नाहीत. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. न निवडल्याने त्या गाण्यांतला ईश्वर उणा झाला नव्हता.

जळगाव-धुळ्याच्या शाळांमध्ये राष्ट्रगीताच्या जोडीला राज्यगीत, प्रतिज्ञा आणि एखादी प्रार्थना असा परिपाठ चालतो. राष्ट्रगीत आणि राज्यगीत शासनाने ठरवलेले आहे, पण प्रार्थना कोणती घ्यायची हे बऱ्याच ठिकाणी शिक्षकांच्या हाती असते. वर्गात तडवी मुले असतील, बौद्ध घरांतली असतील, पावरा पाड्यावरची असतील, तर त्यांना विचारून ती ठरवावी. एखादे मूल म्हणायला तयार नसेल, तर त्याच्याकडून नियमाच्या जोरावर म्हणवून घेण्याऐवजी कारण ऐकून घ्यावे. अमळनेरच्या ज्या शिक्षकाची प्रार्थना आपण घेतो, तो मुलांच्या वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहून त्यांच्या मनातले जाणून घेत असे.