सूत्रामागचे भाष्य

मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तरीही जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मीचा उलगडा करेपर्यंत कित्येक शतके ती कोणालाच वाचता येत नव्हती. अक्षरे शाबूत होती. लिपीचे ज्ञान मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

आज लोणावळ्याहून पुण्याकडे कामाला जाणाऱ्यांत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारेही असतात. त्यांच्या हातून असे मूक लेख रोज लिहिले जाऊ शकतात. त्यांच्या कामात 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाचे साधन असते. मजकूर ठरावीक साच्यात बसतो की नाही, हे तपासणारे ते सांकेतिक सूत्र होय. लोणावळ्याचा पिनकोड ४१०४०१ आहे. अंक सहा हवेत, पहिला शून्य नको, एवढा नियम चिन्हांच्या एका लहानशा ओळीत मावतो.

समजा, त्या सूत्रात केवळ इंग्रजी अंकांना प्रवेश आहे. एखाद्या आजीबाईंनी पिनकोड मराठी अंकांत भरला की त्यांचा अर्ज परत येतो. काही वर्षांनी ही आज्ञावली दुसऱ्याकडे येते. त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : मराठी अंक मुद्दाम वगळले, की लिहिणाऱ्याला ते सुचलेच नाहीत? पुढची एखादी यंत्रणा फक्त इंग्रजी अंक ओळखत असेल, तर सूत्र बदलल्याने तिचे काम अडेल. ती निव्वळ चूक असेल, तर न बदलल्याने अर्ज परत येतच राहतील. सूत्र मात्र दोन्ही बाबतींत सारखेच दिसते. आणि मौनाची किंमत मोजावी लागते ती लिहिणाऱ्याला नव्हे, तिसऱ्याच माणसाला.

'जाणत्याला सूत्र पुरेसे बोलके असते,' असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. सूत्र काय करते हे जाणता शोधून काढील. ते तसे का केले, हे त्याला सूत्रातून कळणार नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके आणि पतंजलीने महाभाष्य लिहिले. ती काही मंदबुद्धींसाठी नव्हती.

कर्तव्य तसे लहानच आहे. सूत्राचा हेतू एका वाक्यात सांगावा. कोणता मजकूर स्वीकारायचा आणि कोणता नाकारायचा, याची उदाहरणे द्यावीत. सूत्र लांबलचक असेल तर त्याचे भाग पाडून प्रत्येकाशेजारी खुलासा लिहावा. पर्ल भाषेच्या पाचव्या आवृत्तीत १९९४ पासून ही सोय आहे. सूत्र बदलल्यास खुलासाही बदलावा, कारण जुना खुलासा मौनाहून घातक ठरतो. विश्वासाने वाचणाऱ्याला तो चुकीच्या वाटेवर नेतो.

लिहिताना आपल्याला सारेच ठाऊक असते. म्हणून खुलासा हा वेळेचा अपव्यय वाटतो. ज्याला त्याची गरज आहे, तो त्या क्षणी समोर नसतो, मागायलाही येऊ शकत नाही. परंतु समोर नसलेल्याचा हक्क त्यामुळे कमी होतो काय? आपल्या सचोटीची खरी पारख, मला वाटते, अशाच माणसाशी आपण कसे वागतो यावरून होते.