काळा पडदा

बसा. हात कीबोर्डवरून काढा. मांडीवर ठेवा.

बाहेर नंदगडचा पाऊस आहे. सह्याद्री इथून जवळ. एकदा लागला की दिवसभर खळत नाही. कौलांवरून पागोळ्या पडताहेत. मोजू नका. नुसत्या ऐका.

समोर संगणक. त्याला कुणी हात लावलेला नाही, तरी तो काहीतरी दाखवतोच आहे. मासे पोहतात. रंगीत नळ्या वळसे घेतात. डोळा माशामागे जातो.

जाऊ द्या. परत या.

श्वास घ्या. सोडा.

आता जुना पडदा आठवा. पोट पुढे आलेली जाड काच. आतून फॉस्फरचा लेप, मागून इलेक्ट्रॉनांचा झोत. एकच अक्षर एकाच जागी तासन्‌तास उजळत राहिलं, की तिथला लेप झिजायचा आणि अक्षराची सावली काचेत कायमची राहायची.

म्हणून १९८३मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएमच्या पीसीसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ‘सॉफ्टॉक’ मासिकात तो छापून आला. तीन मिनिटं कळ दाबली नाही, की पडदा काळा. बस्स, एवढंच. पंख लावून उडणारे टोस्टर १९८९चे, ‘आफ्टर डार्क’ या स्क्रीनसेव्हरमधले. विसाव्याचीही करमणूक करायची हौस आपली!

थांबा थोडं.

मनात येतं, पडद्यावर आपल्या गावातल्या वडाचं चित्र लावावं. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवरचा वड. डोळे मिटा, पाहा त्याच्याकडे.

पारंब्या दिसतात. पानं दिसतात. आणि लगेच त्याच्या फाशीचा दिवस, २६ जानेवारी १८३१ दिसतो, फास दिसतो, मागोमाग त्याची राणी, कित्तूरची चन्नम्मा येते. मन चालू लागलं.

वडाचा दोष नाही. त्याच्याकडे छत्री घेऊन पायी जावं. चौकटीत आणू नये.

डोळे उघडा. विंडोजच्या स्क्रीनसेव्हरांच्या यादीत ‘ब्लँक’ आहे. सहसा कुणी तिथे थांबत नाही. तुम्ही थांबा.

पडदा काळा होऊ द्या.

पाहत राहा.

खोलीत अंधार असेल, पडदा एलसीडीचा असेल, तर हे काळं पुरतं काळं नाही. कडेला फिकट करडी झाक आहे. मागचा दिवा जळतोच आहे; पुढचे स्फटिक त्याचा उजेड अडवून धरतात, तरी थोडा पाझरतो.

तो पाझर पाहा.

श्वास घ्या. पाझर पाहा. श्वास सोडा.

पडदा ओलेडचा असेल, तर तिथले ठिपके खरोखरच विझतात. तेही वापराने झिजतात, त्यांनाही विसावा हवाच. तिथे पाझर शोधू नका. तिथे नुसतं काळं पाहा.

हळूहळू काचेत खिडकी उमटते. मग तुमचा खांदा. श्वासाबरोबर तो वर येतो, खाली जातो.

वर येतो. खाली जातो.

राहा इथे. पाऊस ऐकू येतो का, पाहा.

आणखी एक श्वास.

वेळ तीनच मिनिटांची लावा, सोचांची. एलसीडीची वीज मात्र याने फारशी वाचत नाही. त्यासाठी थोड्या वेळाने पडदा पूर्ण बंद होईल, अशी वेगळी सोय लावावी लागते. आणि घरात सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी संगणक बंद पडला म्हणून बटण दाबून मोकळं होईल.