चौथं वादळ

पहिल्या हिमवादळाचं सगळ्यांनाच कौतुक असतं. आदल्या संध्याकाळी दुकानांतला पाव, दूध आणि अंडी संपतात. वादळ आलं की इथे घरोघर फ्रेंच टोस्टच खातात, अशी बॉस्टनची माणसं त्यावरून स्वतःचीच टिंगल करतात. शाळा बंद, कचेऱ्या बंद, आणि गाड्या बाहेर काढू नका म्हणून गव्हर्नर टीव्हीवर येऊन बजावतात. सकाळी दार उघडावं तर पायऱ्या नाहीशा झालेल्या. मुलं घसरगाड्या घेऊन पळतात, मोठी माणसं फोटो काढतात आणि वर्षभर नुसता हात हलवून पुढे जाणारा शेजारी फावडं टेकवून दहा मिनिटं गप्पा मारतो. हिमवादळावर जे काही गोड लिहिलं जातं, ते बहुधा या पहिल्या वादळावर. चौथ्यावर कोणी लिहीत नाही. माझ्या मते घर कोणाच्या जिवावर चालतं हे कळायला चौथंच वादळ लागतं.

न्यू इंग्लंडने 2015 साली ते पाहिलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हिवाळा इतका मवाळ होता की गॅरेजमधली फावडी कोरडीच होती. 26 जानेवारीच्या रात्री पहिलं मोठं वादळ आलं आणि बॉस्टनच्या विमानतळावर दोन फुटांवर बर्फ मोजला गेला. मग 2 फेब्रुवारीला दुसरं, 7 ते 9 तारखांना तिसरं, 14-15ला चौथं. मधल्या दिवसांत थंडी अशी की आधीचा बर्फ वितळायचं नाव घेईना. एकट्या फेब्रुवारीत 64.8 इंच. अख्ख्या मोसमाचा आकडा 110.6 इंचांवर, म्हणजे 281 सेंटिमीटरांवर गेला आणि 1995-96चा 107.6 इंचांचा विक्रम मोडला. यातला बहुतेक बर्फ जेमतेम महिन्याभरात पडला होता. मोसमभरात तेवढाच पडला असता तर लोकांनी चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. एका वादळाचा सण होतो. लागोपाठ चार आली की हिशेब सुरू होतात.

पहिला हिशेब फावड्याचा. दहा फूट रुंद, तेहतीस फूट लांब असा साधा ड्राइव्हवे घ्या. त्यावर दोन फूट भुसभुशीत बर्फ म्हणजे सतराशे-अठराशे किलो धरून चाला. तो उचलून बाजूला टाकायचा. आणि तिसऱ्या वादळापर्यंत बाजूचे ढीग छातीला लागलेले असल्यामुळे ‘बाजूला’ याचा अर्थ डोक्याच्या वर असा होतो. काम संपत आलं की नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करत येतो आणि रस्त्यावरचा दाबून घट्ट झालेला बर्फ नेमका तुम्ही मोकळ्या केलेल्या तोंडाशी लोटून पुढे जातो. त्यात प्लाऊवाल्याचा दोष नसतो. रस्ता मोकळा व्हायचा तर बर्फ कुठेतरी जायलाच हवा. पण त्या वेळी एवढा समंजसपणा कोणाला सुचत नाही. वय झालेल्यांनी फावड्याला हात लावताना जपावं, असं डॉक्टर दरवर्षी सांगतात. गारठ्याने आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि अंगावर एकदम आलेले कष्ट, हा मेळ हृदयाला झेपत नाही.

दुसरा हिशेब आपलं कुठे संपतं याचा. बॉस्टन शहराचा नियम असा की बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरासमोरच्या पदपथावर निदान 42 इंच रुंदीची वाट काढायची, चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी जाईल एवढी. पदपथ सगळ्यांचा, कष्ट ज्याच्या घरासमोर तो आहे त्याचे. स्वतःच्या जागेतल्या बर्फाबद्दल मात्र मॅसॅच्युसेट्सचा कायदा शतकाहून अधिक काळ वेगळंच सांगत आला होता. आभाळातून पडलेला बर्फ जसाच्या तसा राहू दिला, तर त्यावरून कोणी घसरून पडल्याची जबाबदारी मालकावर येत नसे. म्हणजे काही न करणारा सुरक्षित. 2010 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, दुकानाच्या पार्किंगमध्ये घसरून पडलेल्या एका माणसाच्या खटल्यात, हा भेद मोडीत काढला. बर्फ आपोआप साठलेला असो की कोणी ढीग घातलेला, ज्याची जागा, त्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आभाळातून पडलं, आपला काय संबंध, ही पळवाट त्याने बुजवली.

या सगळ्यात मोठं भांडण होतं ते खुर्चीवरून. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांत गाड्या रस्त्यावरच लावाव्या लागतात. बर्फात गाडलेली गाडी दोन तास खपून बाहेर काढायची आणि कामावर जायचं. परत आल्यावर त्या जागेत दुसऱ्याची गाडी दिसली तर माणूस हातघाईवर येतो. म्हणून जाताना तिथे खुर्ची ठेवून जातात. खुर्ची नसेल तर इस्त्रीचं टेबल, कपड्यांची टोपली, मोडका व्हॅक्यूम क्लीनर. रस्ता शहराचा, पण तेवढा तुकडा मी उकरला, म्हणून तो माझा. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जॉन लॉकने मालमत्तेचा उगम असाच सांगितला होता: कोणाचीच नसलेल्या वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. त्याने पुढे अटही घातली होती की दुसऱ्यांसाठी तितकंच आणि तसंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. गल्लीत नेमकी ही अट पुरी होत नाही. शहराने मधला मार्ग काढला: हिमआणीबाणी उठल्यावर 48 तास खुर्ची चालेल, मग कचऱ्याची गाडी ती उचलून नेईल. साउथ एंड वस्तीने तर ही प्रथाच नाकारली. दुसरीकडे कोणी खुर्ची बाजूला सरकवून गाडी लावली, तर टायर फाटण्यापर्यंत मजल जाते. पहिल्या वादळात एकमेकांच्या गाड्या ढकलणारी हीच माणसं असतात. ती बिघडलेली नसतात, दमलेली असतात. आणि दमलेल्या माणसाला आपले कष्ट कोणीतरी मोजावेत असं फार वाटतं.

कष्ट मोजण्याचाच प्रश्न असेल, तर आता घरात यायला हवं. बाहेरच्या कामाला इंच असतात. सकाळी टीव्हीवर आकडा येतो, दुपारी तो शेजाऱ्याशी ताडून पाहता येतो, काम झाल्यावर काळा डांबरी ड्राइव्हवे उघडा पडलेला दिसतो. घरातल्या कामाचं असं काहीच दिसत नाही. शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवणही घरी. मुलं तासाभराने आत येणार, की ओले बूट, ओले हातमोजे, ओल्या टोप्या, दोन-दोन थरांचे पायजमे. सगळं वाळवायचं, कारण तासाभराने तीच मुलं पुन्हा बाहेर जाणार. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग. पुसले की पुन्हा. त्यात कोणाची तरी ऑफिसची मीटिंग चालू असते आणि घरातल्यांनी आवाज करायचा नसतो. चौथ्या वादळाला या कामाची चौथी फेरी होते, आणि तिचा विक्रम कुठेही नोंदला जात नाही.

मराठी घरांत कधी कधी आणखी एक माणूस असतं: नातवंडाच्या जन्मासाठी सहा महिन्यांच्या परवानगीवर आलेली आजी. ती बाळंतपणाची तारीख विचारून येते, हवामान विचारून नाही. कोकणातली असेल तर बेगमी तिला नवी नसते. आगोटीला लाकडं, तांदूळ, कोकम, पापड, सुकी मासळी भरून ठेवण्यात तिचा जन्म गेलेला असतो, आणि सुनेच्या फ्रीजमधलं चार दिवसांचं दूध पाहून ती काळजीत पडते. तिची काळजी रास्तही असते. पण तिकडे आठवडाभराच्या झडीतही पडवीत बसता येतं, येणारा-जाणारा दिसतो, कोणीतरी इरलं किंवा छत्री निथळवत आत येतं. इथे दुहेरी काचा, फर्नेसची कोरडी हवा आणि बाहेर चिटपाखरू नाही. ती बाळाला न्हाऊमाखू घालते, डिंकाचे लाडू वळते, तिन्ही त्रिकाळ रांधते. संध्याकाळी मुलगा फावडं ठेवून आत आला की गरम चहा त्याच्या हातात पडतो. त्यात वावगं काही नाही. त्याचीही बोटं बधिर झालेली असतात. पण घरात कोण दमलंय हे, कोण बाहेर गेलं होतं यावरून ठरतं. लॉकचा न्याय इथे लावला तर स्वयंपाकघर कोणाच्या नावावर होईल? रस्त्यावर जागा अडवून उभी असलेली ती खुर्ची बहुतेक वेळा उचललेली असते तीही स्वयंपाकघरातूनच.

बर्फात अडकलेल्या घराचं जे रम्य चित्र अमेरिकेच्या मनात आहे, ते बरंचसं जॉन ग्रीनलीफ व्हिटियरच्या ‘स्नो-बाउंड’ या 1866च्या दीर्घकाव्यातून आलेलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्याच हेवरहिलच्या शेतघरात, शेकोटीभोवती जमलेलं कुटुंब. व्हिटियरने ते लिहिलं तेव्हा त्या शेकोटीभोवतीची बहुतेक माणसं जग सोडून गेली होती, म्हणून त्यातला ओलावा खरा आहे. पण त्या घराची वखार भरलेली होती, गोठा जवळ होता, आणि ऊब घरातल्याच लाकडांची होती. आजचं घर तसं नाही. ते बंद दिसतं, पण तारा, नळ, गॅस आणि पाइप यांनी दहा ठिकाणी बाहेरच्या जगाशी जोडलेलं असतं. छतावरचा बर्फ माळ्यातून निसटणाऱ्या उबेने खालून वितळतो, ते पाणी पागोळीच्या कडेला येऊन पुन्हा गोठतं, बांध घालतं, आणि मागे साठलेलं पाणी कौलांखालून घरात उतरतं. 2015मध्ये हजारो घरांची छतं अशी गळली. दिवाणखान्यात बादल्या लागल्या. लोकांनी बायकांच्या जुन्या लांब मोज्यांत कॅल्शियम क्लोराइड भरून ते मोजे छताच्या कडेवर आडवे टाकले. दिसायला हास्यास्पद, पण बांधात चर पडून पाणी वाहून जाई. फर्नेसचा धूर बाहेर सोडणारा पाइप काही घरांत भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर निघतो. तो बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. जानेवारी 2005मधल्या अशाच एका मृत्यूनंतर मॅसॅच्युसेट्सने घरोघर त्या वायूचा इशारा देणारं यंत्र बसवणं सक्तीचं केलं.

बर्फाच्या सुट्टीचंही दिसतं एक आणि असतं दुसरंच. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले अर्थशास्त्रज्ञ जोशुआ गुडमन यांनी 2014 साली मॅसॅच्युसेट्सच्या शाळांची आकडेवारी तपासून दाखवलं, की बर्फामुळे अख्खी शाळा बंद राहिली तर मुलांच्या अभ्यासाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शाळा चालू असताना एकेक मूल गैरहजर राहिलं की. सगळेच थांबले तर शिक्षक धडा पुढे ढकलतात. आज हा नाही, उद्या ती नाही, असं झालं की कोणाला काय शिकवायचं राहिलं याचा मेळ लागत नाही. एकत्र थांबणं स्वस्त पडतं, विस्कळीत थांबणं महाग.

आणि वादळात सगळे एकत्र थांबत नाहीत. 9 फेब्रुवारी 2015च्या संध्याकाळी सात वाजता बॉस्टनची सगळी रेल्वे बंद करण्यात आली, ती 10 तारखेलाही दिवसभर बंद होती. जुन्या डब्यांच्या मोटारींत भुरभुरीत बर्फ शिरत होता, वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळावर बर्फाचं कवच चढत होतं. 11 तारखेला ही रेल्वे चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा जाहीर केला. लॅपटॉपवर पोट असलेल्यांना यामुळे फारसा फरक पडला नाही. आम्हा मराठी मंडळींतले बरेच जण यातच मोडतात. पण इस्पितळात फरशी पुसणाऱ्याला, म्हाताऱ्यांची सेवा करायला घरोघर जाणाऱ्या बाईला, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला तासावर पैसे मिळतात. त्यांचं घरी बसणं म्हणजे पगार बुडणं, आणि कामावर जाणं म्हणजे गुडघाभर बर्फातून पायपीट. आपल्याला घरात ऊब मिळते ती कोणीतरी रात्रभर प्लाऊ चालवतो, कोणी तारा जोडतो, कोणी वीजकेंद्रात बसून राहतो म्हणून. ‘घरात सुरक्षित राहा’ हा सल्ला ऐकताना तो कोणाला देता येत नाही हेही ऐकू यायला हवं.

चार वादळांत मी एक पाहिलं: आपापल्या दारासमोरचा बर्फ लोक उपसतात, कुरकुरत का होईना. राहतं ते कोणाच्याच दारासमोर नसलेलं. गल्लीच्या कोपऱ्यावरचा अग्निशमनाचा नळ, ज्याला सगळे हायड्रंट म्हणतात, ढिगाखाली गडप झालेला असतो आणि आग लागली तर बंबवाल्यांची मोलाची मिनिटं तो उकरण्यात जातात. त्यावर कोणी खुर्ची ठेवत नाही. ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेच्या तरुणांनी बॉस्टनसाठी यावर एक साधी युक्ती काढली होती. संकेतस्थळावरच्या नकाशात आपल्या गल्लीतला हायड्रंट निवडायचा, हवं तर त्याचं बारसं करायचं, आणि बर्फ पडला की तो मोकळा करायची जबाबदारी घ्यायची. अर्थात यासाठी संकेतस्थळच हवं असं नाही.

तेव्हा न्यू इंग्लंडात, शिकागोत, टोरंटोत राहणाऱ्या मराठी वाचकाला एवढंच सांगणं आहे. येत्या वादळात ड्राइव्हवे उपसून झाला की लगेच आत जाऊ नका. फर्नेसचा पाइप मोकळा आहे ना पाहा, कोपऱ्यावरचा हायड्रंट चारही बाजूंनी तीन-तीन फूट उघडा करा, आणि घरात आल्यावर चहा तुम्ही टाका.