अपमानाची स्मृती

२०२५ साली येथे ग्वाल्हेरात, उच्च न्यायालयाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारण्यावरून वकीलवर्गात तीव्र वाद झाला. त्या वादाचा निवाडा करणे हा आमचा हेतू नव्हे. परंतु त्या निमित्ताने, ‘मागचे अपमान किती दिवस उगाळायचे?’ हा जुना प्रश्न आमच्या मनात पुन्हा उभा राहिला. हा प्रश्न पूर्वी आम्हीही विचारलेला आहे, हे कबूल केले पाहिजे.

परदेशी विद्या संपादून बाबासाहेब १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. उतरण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस तेथून घालविले. एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला, तर ‘तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. त्यांनी मुंबईची गाडी धरली. पुढे अठरा वर्षांनीही तो प्रसंग आठवताना आपले डोळे भरून येतात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

म्हणजे जखम बुजली नव्हती. तथापि १९२७ साली महाडच्या तळ्यावर समाजबांधवांस नेणारे तेच, आणि अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम ज्या संविधानात आहे, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्षही तेच. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे. दुःखाची आठवण इतरांचे दुःख निवारण्याच्या कामी लावणे होय.

परंतु पीडिताच्या या थोरवीचे कौतुक केले की आपले ऋण फिटले, असे देवळात नित्य जाणाऱ्या आपण मंडळींनी समजू नये. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार १९३० पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह होऊनही उघडले नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे, म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले. ते ब्राह्मण, त्यांस स्वतःला तेथे कोणी अडविले नव्हते. तरीही त्या बंदीची लाज त्यांनी आपली मानली.

दिवाणी दाव्यास मुदतीचा कायदा असतो. अपमानास तो लावता येत नाही. आणि ‘आता विसरा’ असे म्हणण्याचा अधिकार तर ऋणकोस मुळीच नाही. दार उघडण्याचे काम कायद्याने केले आहे. आत आलेल्यास ‘या, बसा’ म्हणणे मात्र आपल्याच हाती आहे.