टोपणनाव आणि सचोटी

दस्तऐवजावर खोट्या नावाने सही करणारा मनुष्य शिक्षेस पात्र ठरतो. परंतु धारण केलेल्या नावाने कविता छापणारास कोणी दोष देत नाही. उलट, आपल्या वाङ्मयात टोपणनावास एक प्रकारची प्रतिष्ठाच लाभलेली आहे. व्यवहारात जे कपट, ते वाङ्मयात निर्दोष कसे, असा प्रश्न एखाद्या सरळ मनाच्या वाचकाने विचारल्यास तो हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

प्रथम राम गणेश गडकरी यांचेच उदाहरण घेऊ. १८८५ साली जन्मलेला आणि १९१९ साली ऐन तारुण्यात निवर्तलेला हा प्रतिभावंत नाटके स्वतःच्या नावाने लिही, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. यांतील खरे गडकरी कोणते? ‘एकच प्याला’ नाटकात सिंधूचे दुःख रंगविणारे, की वरसंशोधनाच्या धावपळीवर आपणांस पोट धरधरून हसविणारे? माझ्या मते दोन्ही खरेच. मनुष्याचे मन म्हणजे एकच खोली नव्हे; तो चौसोपी वाडा आहे. वर्गात करड्या मुद्रेने शिकविणारा अध्यापक घरी नातवापुढे घोडा होतो, म्हणून त्यास कोणी ढोंगी म्हणत नाही. गडकऱ्यांनी प्रत्येक सोप्यावर निराळी पाटी लावली, इतकेच. त्या पाटीमुळे वाचकाची फसवणूक तर झाली नाहीच, उलट आत काय मिळेल याची त्यास पूर्वसूचना मिळाली.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे घडला आहे. संतांच्या नाममुद्रेखाली मागाहून अनेकांनी अभंग रचले. कोठे केवळ नामसादृश्याने घोटाळा झाला. नामदेवांनंतर सुमारे दोन शतकांनी होऊन गेलेल्या विष्णुदास नामा या कवीची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेली, ती अशीच. परंतु जेथे एखाद्या भक्ताने जाणूनबुजून आपल्या ओळींवर संताची मुद्रा उठविली, तेथे काय म्हणावे? वाङ्मयचोर दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून मिरवितो. हा तर आपले शब्द दुसऱ्यास देऊन टाकतो. त्याचा हेतू निरहंकाराचा असेल. तथापि जे संत कधी बोलले नाहीत, त्याची जबाबदारी त्याने त्यांच्या माथी मारली. दानातही असत्य असू शकते, ते असे.

आता एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका परिचित गृहस्थांच्या ग्रंथावर टोपणनावाने कठोर परीक्षण लिहिले. त्यातील एकही विधान खोटे नव्हते; आजही मी त्यातील शब्द मागे घेणार नाही. परंतु त्याच आठवड्यात ते गृहस्थ वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटले आणि, ‘हे कोणी लिहिले असावे हो?’ असे त्यांनी मलाच विचारले. ‘काय सांगावे!’ एवढे म्हणून मी छत्री उघडली आणि पावसात चालू लागलो.

त्या दिवशी मला कळून चुकले, की विधाने सर्व खरी असूनही लेख अप्रामाणिक असू शकतो. गडकऱ्यांनी नाव बदलले ते अधिक मोकळेपणाने बोलण्यासाठी. मी बदलले ते बोलण्याची किंमत चुकविण्यासाठी. छापखान्यात दोहोंचे खिळे सारखेच जुळविले गेले. भेद राहतो तो लिहिणाराच्या मनात. म्हणून कोणत्याही टोपणनावाची एकच कसोटी मला पुरेशी वाटते: उद्या पडदा दूर झाला, तर लेखक पुढे येऊन नमस्कार करील, की तोंड लपवील? बाळकराम कोण हे लोकांस कळले, तेव्हा गडकऱ्यांची कीर्ती वाढली. माझे नाव कळते, तर एक स्नेह संपला असता. कदाचित तो टिकलाही असता. तेवढा विश्वास मी त्या गृहस्थांवर टाकला नाही, हाच माझा खरा अपराध होय.

ते आता हयात नाहीत. त्यांच्या ग्रंथातील दोष मी जगास सांगितले. माझा दोष त्यांस सांगावयाचा मात्र राहून गेला. निदान हा लेख तरी मी माझ्याच नावाने छापावयास देत आहे.