पेशीचे राहून गेलेले मरण

कर्करोग म्हटला की आपण वाढीविषयी बोलतो. गाठ वाढली, पसरली, पेशी बेसुमार झाल्या. जुनी केमोथेरपीही मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर रोख धरून बेतलेली. केर, वायली आणि करी यांनी पेशींच्या शिस्तबद्ध मरणाचे वर्णन १९७२ मध्येच केले होते, पण त्याचा कर्करोगाशी संबंध नेमका कसा, हे कळायला सोळा वर्षे गेली.

फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ नावाचे जनुक भलत्याच ठिकाणी जाऊन कायमचे चालू राहते. ते पेशींना वाढायला लावत असणार, असाच तर्क होता. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड व्हॉक्स या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांच्यासोबत हे जनुक उंदराच्या रक्तपेशींत घातले आणि त्या पेशी ज्या संप्रेरकासारख्या प्रथिनावर जगतात ते काढून घेतले. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या टिकल्या, पण वाढल्या मात्र नाहीत. नुसत्या जिवंत राहिल्या. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण हाच, कारण कर्करोगाला पोसणारे एखादे जनुक वाढीला हातही न लावता आपले काम करू शकते, हे इथे उघड झाले.

त्यातून दुसरी गोष्ट निघते. अशी पेशी बलवान नसते. तिच्यात बिघाड साचलेले असतात, मरणाचे संकेत आतून सतत येत असतात. बीसीएल-२ ते अडवून धरते म्हणून ती तगते. तो अडसर काढला, की तिला वेगळे मारावे लागत नाही. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमके हेच करते. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या अशा रुग्णांसाठी, ज्यांच्या सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. बिघडलेल्या पेशीला मरणाकडे ढकलणारे पी-५३ हे जनुक त्या तुकड्यावरच असते. ते गेले की केमोथेरपी लंगडी पडते; हे औषध पी-५३ची वाटच पाहत नाही. पेशी इतक्या झपाट्याने मरतात, की त्यांचा कचरा मूत्रपिंडांना झेपावा म्हणून मात्रा २० मिलिग्रॅमपासून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवावी लागते.

इथे कर्करोगाला ‘शत्रू’ म्हणणारी भाषा मात्र तोकडी पडते. बीसीएल-२सारखी मरण रोखणारी प्रथिने निरोगी पेशींचीही आहेत. आधीचे नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२सोबत बीसीएल-एक्सएल या तशाच प्रथिनालाही अडवायचे आणि प्लेटलेट्स घसरायच्या, कारण त्यांचे आयुष्य त्याच प्रथिनावर बेतलेले. त्याच कुळातल्या एमसीएल-१ला लक्ष्य करणाऱ्या काही औषधांच्या चाचण्या हृदयावरील दुष्परिणामांच्या चिंतेने थांबवाव्या लागल्या. कर्करोगाची पेशी नवी युक्ती शोधत नाही. आपल्याच शरीराची जुनी सोय अति वापरते.

आणि तीही एकाच सोयीवर विसंबत नाही. व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्या काही रुग्णांत बीसीएल-२ प्रथिनातला एकच अमिनो आम्लाचा दुवा बदललेला आढळला. औषध नीट बसेना, प्रथिनाचे काम सुरूच. इतरत्र एमसीएल-१ने जागा घेतली. म्हणून ‘कर्करोगाचे मर्म सापडले’ असा मथळा दिसला, तर वाचकाने दोनच प्रश्न विचारावेत: कोणत्या कर्करोगाचे, आणि किती काळापुरते?