उघड्या उताराची वर्षे

पाइन, स्प्रूस यांसारख्या सुईपानांच्या, शंकू धरणाऱ्या वृक्षांच्या लाकडाला मृदुकाष्ठ म्हणतात. हे लाकूड लवकर तयार होते, सहज चिरले जाते आणि घरबांधणीपासून कागदापर्यंत सर्वत्र लागते. त्यामुळे त्याच्या लागवडीचा पर्यावरणीय हिशोब मांडताना किती झाडे लावली आणि त्यांनी किती कार्बन शोषला, एवढेच बहुधा विचारले जाते. हा हिशोब किती अपुरा आहे, हे न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील गिस्बोर्न परिसरात दिसते.

तेथील डोंगर मऊ, ठिसूळ गाळखडकाचे आहेत. युरोपीय वसाहतकारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी त्यांवरील मूळचे जंगल साफ केले आणि उतार घसरू लागले. मार्च 1988 मधील ‘बोला’ चक्रीवादळाने तर कुरणेच्या कुरणे नद्यांत ओतली. त्यानंतर सरकारी अनुदानाने मोठ्या क्षेत्रावर रेडिएटा पाइन, म्हणजे मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा वृक्ष, लावला गेला. हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, कारण वाढलेल्या पाइनची मुळे एकमेकांत गुंतून माती धरतात आणि माथ्यावरची दाट पालवी पावसाचा मारा अडवते. शिवाय लागवडीचे लाकूड मुबलक मिळू लागल्यानेच त्या देशाला आपली देशी जंगले कुऱ्हाडीपासून बरीचशी वाचवता आली, हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

चूक तोडीच्या पद्धतीत आहे. रेडिएटा साधारण 28 वर्षांत तोडणीस येतो आणि एकाच काळात लावलेली झाडे एकाच काळात तयार होत असल्याने उतारच्या उतार सरसकट तोडले जातात. तोडलेल्या झाडाची मुळे काही वर्षांत कुजतात, नव्या रोपांची मुळे मात्र अजून पकड घेण्याइतकी वाढलेली नसतात, आणि या मधल्या वर्षांत डोंगर जवळजवळ निराधार असतो. त्यातच ज्यांना बाजारभाव नाही असे शेंडे, फांद्या आणि तुटके ओंडके उतारावरच पडून राहतात. जून 2018 मध्ये तोलागा बे येथे आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ‘गॅब्रिएल’ वादळात हाच ढिगारा गाळासह खाली आला आणि पूल, शेते व समुद्रकिनारे त्याखाली गेले. वाहून आलेले सगळेच लाकूड पाइनचे नव्हते, हा उद्योगाचा युक्तिवाद खरा आहे. पण उतार इतके उघडे का होते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. हेकिया पराता यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनेही 2023 मध्ये सरसकट तोडीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली.

सौम्य उतारांवर लहान तुकड्यांत तोड करून हा व्यवसाय चालू राहू शकतो आणि राहावा. अत्यंत तीव्र उतारांवर मात्र कायमचे देशी जंगलच हवे, आणि तेथील पाइन नुसता सोडून देणे हाही उपाय नव्हे, कारण तो वादळात उन्मळतो. त्याच्या सावलीत देशी रोपे वाढवत तो हळूहळू काढावा लागेल. दशकानुदशके चालणाऱ्या या कामातून लाकडाचे उत्पन्न नगण्य मिळेल, म्हणून त्याचा खर्च जमीनधारकांवर, विशेषतः तेथील माओरी कुळांवर, न टाकता आजवर नफा मिळवलेल्या कंपन्यांनी आणि लागवडीला उत्तेजन देणाऱ्या सरकारने उचलला पाहिजे.